पत्ता पेशीच्या आतला

मानवी रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशींची अंतर्रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अभ्यासण्याची जी पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यापासून सिद्ध होत गेली, तिचा मराठी वाचकाला परिचय करून देणे, आणि तो देताना महाराष्ट्रातील कुष्ठरोग-संशोधनाचा धागा हाती धरणे, असा प्रस्तुत पुस्तकाचा संकल्प आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी, लसिकाग्रंथी, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील पेशी आणि त्वचेपासून फुफ्फुसापर्यंत जागोजागी ठाण देऊन बसलेल्या भक्षक पेशी, या सर्वांची मिळून ही यंत्रणा बनते. शालेय पुस्तकांत तिची ओळख बहुधा युद्धाच्या भाषेत करून दिली जाते; शरीर हा किल्ला, जंतू हा शत्रू आणि पांढऱ्या पेशी म्हणजे किल्ल्यावरची शिबंदी. ही भाषा मुलांना आवडते आणि तेवढ्यापुरती ती खोटीही नाही, परंतु तिच्यामुळे जंतूला गिळले की लढाई संपली असा समज घट्ट होतो. प्रत्यक्षात कित्येक रोगांत गिळणे ही नुसती सुरुवात असते, आणि गिळलेला जंतू पेशीच्या पोटात नेमका कोठे मुक्कामाला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

यातील ‘कोठे’ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा आहे. भक्षक पेशी जंतूला गिळते तेव्हा तिचे बाहेरचे पटल आत वळते आणि जंतूभोवती एक बंद पिशवी तयार होते. तिला भक्षक रिक्तिका म्हणता येईल. पेशीत अन्यत्र लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात व त्यांत आम्लधर्मी द्रवात पाचक विकरे साठवलेली असतात. रिक्तिका आणि लयकारिका एकमेकींत मिसळल्या तर जंतू बहुधा पचून जातो. त्या मिसळू नयेत अशी तजवीज जंतूला करता आली तर तो तेथेच बिऱ्हाड थाटतो. आणि रिक्तिकेची भिंत ओलांडून तो पेशीद्रवात, म्हणजे पेशीतील मोकळ्या अर्धप्रवाही द्रव्यात, उतरला तर तिसरेच प्रकरण सुरू होते. कारण रिक्तिकेतील जंतूचे तुकडे पेशी ज्या रेणूंवर मांडून दाखवते ते साहाय्यक टी-पेशींच्या ओळखीचे असतात, तर पेशीद्रवातील तुकडे बव्हंशी निराळ्या रेणूंवर मांडले जातात आणि ते मारक टी-पेशी ओळखतात. एका पातळ पटलाच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्याच फरकावरून शरीराची कोणती फौज जागी होणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून या पुस्तकात ज्याचा शोध चालतो त्याला ‘पत्ता’ हा साधा घरगुती शब्द योजला आहे, आणि तो योग्यच आहे.

हे पटल जाडीला सात ते आठ नॅनोमीटर असते; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगवेगळे दाखवता येत नाहीत, आणि हा दोष भिंग घासणाऱ्याचा नसून प्रकाशाच्या तरंगलांबीतच आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवून दिले. योगायोग असा की त्याच वर्षी नॉर्वेतील बेर्गेन येथे गेऱ्हार्ड आरमॉर हान्सेन यांना कुष्ठरोग्यांच्या गाठींतील द्रव्यात काडीसारखे जंतू दिसले. जंतू दिसला, कारण तो सुमारे 300 नॅनोमीटर जाड आणि त्याच्या कितीतरी पट लांब असतो. परंतु त्याच्याभोवती भिंत आहे की नाही, ती अखंड आहे की फुटलेली, हे पाहण्याची वाट आबे यांच्या सिद्धान्ताने त्याच साली बंद करून टाकली होती. ती उघडण्यास जवळजवळ साठ वर्षे जावी लागली. 1931 मध्ये बर्लिन येथे माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगाऐवजी विद्युत्चुंबकीय वेटोळी वापरून प्रतिमा मोठी करून दाखवली. एक लाख व्होल्टचा दाब देऊन धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी 0.0037 नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. चुंबकीय भिंगांतील दोषांमुळे आणि पेशीच्या नाजूकपणामुळे एवढे सूक्ष्म दर्शन पेशीविज्ञानात मिळत नाही, तरी नेहमीच्या कापात एक-दोन नॅनोमीटरपर्यंतचा तपशील हाती येतो, आणि पटल पाहण्यास तेवढा पुरेसा होतो. रुस्का यांना या कामाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते 1986 मध्ये, पंचावन्न वर्षांनी. भारतात हे यंत्र उभारण्याचा पहिला यशस्वी उद्योग कलकत्त्यास निरजनाथ दासगुप्त यांनी 1940 च्या दशकात केला.

आता कुष्ठरोगाचा धागाच का धरला, याचे उत्तर देणे प्राप्त आहे. या रोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम माध्यमात आजपर्यंत वाढवता आलेला नाही. तो एकाचा दोन होण्यास बारा ते चौदा दिवस घेतो. बहुतेक परिचित जंतूंना हेच काम मिनिटांत किंवा तासांत उरकते. उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ होते हे चार्ल्स शेपर्ड यांनी 1960 मध्ये दाखवले आणि आर्माडिलो या खवलेदार अमेरिकी प्राण्याच्या शरीरात तो भरपूर वाढतो हे 1971 मध्ये समजले. तोपर्यंत, आणि पुष्कळ अंशी त्यानंतरही, जंतूला जिवंत गाठण्याची खात्रीची जागा म्हणजे रुग्णाची स्वतःची पेशी. जो जंतू पेशीबाहेर काढून अभ्यासता येत नाही त्याचा अभ्यास पेशीसकटच करावा लागतो. त्यामुळे कुष्ठरोगाचा विचार करणाऱ्यास मानवी भक्षक पेशीची अंतर्रचना टाळता येत नाही, आणि ज्या प्रदेशात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या नांदला त्या प्रदेशात ही विद्या रुजणे स्वाभाविक ठरते.

मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय 1890 पासून चालू आहे. तेथून जवळच, परळ येथे, 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. पुढे ते टाटा मेमोरियल केंद्राचा भाग झाले आणि आता त्याचा संशोधन विभाग नवी मुंबईत खारघरला आहे. या केंद्राचे संस्थापक-संचालक वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगग्रस्त ऊतींच्या परीक्षणाच्या शास्त्राचे, भारतातील आद्य आचार्य. त्यांनी कर्करोगाइतकेच लक्ष कुष्ठरोगातील मज्जातंतूंकडे पुरवले. कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोगाचा अभ्यास कशाला, असा प्रश्न आज एखाद्या अनुदान समितीने विचारला असता. खानोलकरांच्या दृष्टीने पेशी बिघडते कशी हा एकच प्रश्न होता आणि रोगांची नावे ही सोयीपुरती होती. त्यांच्या छायेत दोन स्त्री-शास्त्रज्ञ वाढल्या. सत्यवती सिरसाट यांनी या संस्थेत जैविक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचा पाया घातला आणि सुपारी चघळणाऱ्यांच्या तोंडातील ऊती आखडण्याच्या विकाराची सूक्ष्मरचना तपासली. पुण्यात 1917 मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या हाताखाली पेशीसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले आणि परतल्यावर परळला तशी प्रयोगशाळा उभी केली.

1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वेगळा करून तो संवर्धित केल्याचे प्रसिद्ध केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हणतात. हाच कुष्ठरोगाचा खरा जंतू काय, यावर मोठा वाद झाला आणि त्याचा निकाल परळच्या विरुद्ध लागला, कारण हा जंतू क्षयजंतूच्या दूरच्या नातलगांपैकी एका गटातला निघाला. तरीही गोष्ट तेथे संपली नाही. त्याचे काही घटक कुष्ठरोगाच्या जंतूशी इतके मिळतेजुळते होते की मधुकर देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली, आणि दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत, जिचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले, या लसीने सुमारे 65 टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. त्याच चाचणीत एकट्या बीसीजीचे संरक्षण सुमारे 34 टक्के भरले. ओळख चुकली पण उपयोग खरा ठरला, असा हा विज्ञानाच्या इतिहासातील दुर्मिळ प्रसंग आहे. तो मराठी पाठ्यपुस्तकांत अद्याप आलेला नाही, याचे आश्चर्य वाटते.

मुंबईतच, 1970 च्या दशकात, प्लास्टिक सर्जन नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत अंतिया आणि वनजा शेट्टी यांनी कुष्ठरोग्यांच्या मज्जातंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दीर्घकाळ निरीक्षण केले. मज्जातंतूला गुंडाळून असणाऱ्या श्वान पेशी या रोगप्रतिकार यंत्रणेच्या नव्हेत, परंतु कुष्ठरोगाचा जंतू त्यांत घर करतो आणि त्याला हुसकावण्यास आलेल्या प्रतिकारक पेशींच्या हालचालींत मज्जातंतूचाच चुराडा होतो. हाताची बोटे वाकतात, तळव्याला जखम होऊनही वेदना कळत नाही, याचे मूळ तेथे आहे.

या सगळ्या प्रयोगशाळा मुंबईत असल्या तरी पुस्तकाचा धागा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या दोन टोकांना जाऊन मिळतो. हा महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या आग्नेय टोकाला, बीड जिल्ह्याला खेटून असलेल्या जामखेड या दुष्काळी तालुक्यात, 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने व्यापक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या, बहुधा शाळेचे तोंड न पाहिलेल्या, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांच्या शिकवणुकीत कुष्ठरोग व क्षय यांची ओळख घातली. अंगावरचा फिकट चट्टा पाहणे, तेथे स्पर्श कळतो की नाही हे तपासणे आणि रुग्णाला वेगळ्या दारातून न नेता इतरांबरोबरच दवाखान्यात आणणे, हे काम त्या करीत आल्या. या प्रकल्पाबद्दल आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रमॉन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, कळसूबाईच्या पायथ्याच्या अकोले तालुक्यात, कमल रणदिवे यांनी सत्यनिकेतन या संस्थेच्या आश्रयाने आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे मार्गदर्शन केले. परळच्या पेशीसंवर्धनाकडून त्या तालुक्यातील राजूर परिसरातल्या मुलांच्या वजनाकडे वळणे ही निवृत्तीनंतरची समाजसेवा, असे तिचे वर्णन अनेकदा केले जाते, आणि ते अपुरे आहे. अन्नातील प्रथिने व ऊर्जा दीर्घकाळ कमी पडली की बालकाच्या छातीतील थायमस ग्रंथी, जिच्यात टी-पेशी तयार होऊन बाहेर पडतात, आक्रसून जाते. मुलाचे वजन आणि त्याच्या प्रतिकारक पेशींची स्थिती या एकाच पाहणीच्या दोन बाजू होत. एक तराजूवर दिसते, दुसरी सूक्ष्मदर्शकाखाली.

बधिर चट्ट्याची जामखेडच्या आरोग्यसेविकेने केलेली पारख आणि त्याच प्रकारच्या चट्ट्याचा प्रयोगशाळेत केलेला काप, यांमधल्या अंतरात काय काय घडते, हे समजल्यावाचून पुढील प्रकरणांतील छायाचित्रे समजणार नाहीत. त्वचेचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला की त्यातील पेशी त्या क्षणापासून बिघडू लागतात. लयकारिका फुटतात, तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके, फुगतात. म्हणून तुकडा ताबडतोब ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात टाकून त्याचे बाजूला सुमारे एक मिलिमीटर भरतील असे बारीक चौकोन करावे लागतात, कारण हे द्रावण ऊतीत फार हळू झिरपते. ग्लुटराल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी बांधून जागच्या जागी खिळवते. या क्रियेस स्थिरीकरण म्हणतात आणि 1963 पासून ती याच रसायनाने करण्याचा प्रघात पडला. त्यानंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे अत्यंत विषारी द्रव्य स्निग्ध पदार्थांना धरून ठेवते आणि त्याच्या जड अणूंमुळे पटले पुढे काळी उमटतात. मग अल्कोहोल किंवा ॲसिटोनने ऊतीतील पाणी काढून तिची जागा इपॉक्सी राळेला देतात, आणि भट्टीत साठ अंशांवर ती राळ दगडासारखी कठीण होते.

या वडीचे काप काढण्याचे काम हस्तकौशल्याचे आहे. अतिसूक्ष्म छेदक यंत्रात नुकत्याच फोडलेल्या काचेची किंवा हिऱ्याची सुरी बसवलेली असते आणि तिच्या धारेमागे पाण्याचे इवलेसे पन्हळ असते. प्रत्येक काप कापला जाताच पाण्यावर तरंगतो. त्याची जाडी कोणत्याही मापकाने मोजत नाहीत, ती रंगावरून ओळखतात. पाण्यावर पडलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात तसेच या कापावर दिसतात. रुपेरी असेल तर तो साठ ते नव्वद नॅनोमीटर जाडीचा आणि कामाचा, सोनेरी असेल तर काहीसा जाड, जांभळा असेल तर टाकून देण्याजोगा. तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर काप उचलून घेतल्यावर त्याला युरेनियम आणि शिसे यांच्या क्षारांनी रंगवतात. या रंगात खरा रंग नसतो. जड धातूचे अणू जेथे चिकटतात तेथे इलेक्ट्रॉन विखुरतात आणि प्रतिमा गडद होते, एवढेच. शिशाच्या द्रावणाला हवेतील कार्बन डायऑक्साइड लागला तर त्याचे पांढरे कण तयार होतात आणि ते छायाचित्रात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने जंतूंच्या शेजारी बसतात. त्यामुळे तंत्रज्ञ या टप्प्यावर शेजारी दाहक सोड्याच्या गोळ्या ठेवतात आणि वाकून पाहताना श्वास रोखतात. रोगनिदानाची सारी इमारत अशा रोखलेल्या श्वासावर उभी असते, हे यंत्राच्या किमतीपुढे दबून गेलेल्या पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही.

अशा कापात कुष्ठरोगाची भक्षक पेशी कशी दिसते? रोगाच्या ज्या टोकाला शरीराचा प्रतिकार जवळजवळ नसतो, त्या लेप्रोमॅटस प्रकारात एकेका पेशीत जंतूंच्या मोळ्याच्या मोळ्या आढळतात. एकोणिसाव्या शतकात रुडोल्फ फिरखोव यांनी या फेसाळ पेशी वर्णिल्या होत्या. फेस का दिसतो हे मात्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सांगता आले नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट झाले की जंतू बहुधा पटलबद्ध रिक्तिकांत समांतर रचलेले असतात, त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉनांना न अडवणारे रिकामे वलय असते आणि पेशीत स्निग्ध द्रव्याचे थेंब साठलेले असतात. रिकामे दिसते ते सगळे खरोखर रिकामे असते असे नाही. पाणी काढण्याच्या टप्प्यावर बरेच स्निग्ध पदार्थ धुऊन जातात, आणि त्यांच्या जागी पोकळी उरते. दुसऱ्या टोकाला, ट्युबरक्युलॉइड प्रकारात, जंतू शोधूनही क्वचितच सापडतो. तेथे भक्षक पेशी एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या आणि लसिका पेशींनी वेढलेल्या दिसतात. या दोन टोकांमधील पायऱ्या रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये नीट लावून दिल्या. त्याआधी, 1962 मध्ये, रीस आणि व्हॅलेंटाइन यांनी आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट सिद्ध केली होती: साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तुटक, ठिपक्याठिपक्यांचे रंगणारे जंतू मेलेले असतात. औषध लागू पडते आहे की नाही, हे जंतूंची संख्या घटण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या रूपावरून सांगता येऊ लागले, आणि त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्याला महागडे यंत्र घेण्याची गरज उरली नाही. मोठ्या यंत्राने एकदा पटवून दिले की पुढचे काम लहान यंत्रावर चालते.

पत्त्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने धसाला लावला तो मात्र क्षयजंतूच्या अभ्यासकांनी. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी 1971 मध्ये उंदराच्या भक्षक पेशींतील लयकारिका आधी फेरिटिन या लोहयुक्त, म्हणून इलेक्ट्रॉनांना अडवणाऱ्या, प्रथिनाने भरून ठेवल्या आणि मग जंतू गिळू दिले. मेलेला जंतू असलेल्या रिक्तिकांत फेरिटिनचे काळे कण उतरले. जिवंत जंतू असलेल्या बऱ्याच रिक्तिका कोऱ्या राहिल्या. जंतू लयकारिकेला दाराबाहेर थोपवतो, हे अनुमान तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. ते पुरते खरे नव्हते. 2007 मध्ये व्हान डर वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी पटलांवरील प्रथिने चिन्हांकित करून असे दाखवले की मानवी पेशींत क्षयाचे, तसेच कुष्ठरोगाचेही, काही जंतू दिवस उलटल्यावर रिक्तिका सोडून पेशीद्रवात मोकळे आढळतात. साडेतीन दशके जेथे एकच पत्ता लिहिला जात होता तेथे आता मुक्काम बदलल्याची नोंद करावी लागली.

इतर प्रतिकारक पेशींचे वर्णन पुस्तकात स्वतंत्रपणे येते, म्हणून येथे त्यांचा ओझरता उल्लेख पुरे. विश्रांत लसिका पेशी म्हणजे जवळजवळ नुसते केंद्रक. तीच प्रतिपिंडे तयार करणारी पेशी बनली की तिचा पेशीद्रव आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्याच्या, एकावर एक रचलेल्या थरांनी भरून जातो, आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर टाकणारा कारखाना असाच दिसला पाहिजे हे पाहताक्षणी पटते. इओसिनरागी पेशीच्या कणिकांत स्फटिकाचा गाभा असतो. त्वचेतील लांगरहान्स पेशींत 1961 मध्ये मायकेल बर्बेक आणि सहकाऱ्यांना एका टोकाला फुगीर असलेले दांडीसारखे कण दिसले. परदेशी ग्रंथांत त्यांना टेनिसच्या रॅकेटची उपमा देतात; मराठी वाचकाने संध्येची पळी डोळ्यांपुढे आणली तरी चालेल. कित्येक वर्षे लांगरहान्स पेशीची निर्विवाद ओळख त्या पळीवरूनच पटवली जाई. बी-पेशी लहान पुटिका बाहेर सोडतात आणि त्या पुटिकाही टी-पेशींना जंतूचे तुकडे दाखवू शकतात, हे 1996 मध्ये रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आज ‘एक्झोसोम’ या नावाने ज्यांचा बराच गाजावाजा होतो त्याच या पुटिका.

या विद्येच्या मर्यादा मात्र ओझरत्या सांगून भागणार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नळीत निर्वात असतो, आणि म्हणून तेथे जाणारी पेशी मेलेली, वाळलेली आणि धातूने माखलेली असते. तिच्यात जे दिसते त्यातले किती तिचे आणि किती रसायनांचे, हा संशय कधीच पूर्णपणे फिटत नाही. 1960 च्या दशकात जंतूंच्या पेशीत ‘मेसोसोम’ नावाच्या पटलाच्या घड्या जगभरच्या अभ्यासकांनी पाहिल्या, त्यांची कार्ये सुचवली आणि विद्यार्थ्यांनी त्या परीक्षेत काढल्या. पुढे पेशी क्षणार्धात गोठवून पाहण्याची पद्धत आली तेव्हा घड्या नाहीशा झाल्या, कारण त्या स्थिरीकरणाने पडलेल्या होत्या. गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विद्या विकसित केल्याबद्दल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 चे नोबेल मिळाले.

दुसरा धोका याहून फसवा आहे, कारण त्यात रसायनांचा काहीच दोष नसतो. पंधरा हजार नॅनोमीटर व्यासाच्या भक्षक पेशीचा सत्तर नॅनोमीटरचा काप म्हणजे तिचा दोनशेवा हिस्सासुद्धा नव्हे. पायऱ्यांच्या विहिरीचा खोलवर आडवा छेद घेतला तर कागदावर चारी बाजूंनी बंद असलेली खोली दिसेल. वर आकाश आहे, हे त्या छेदातून कळणार नाही. एड्सच्या विषाणूबाबत नेमके हेच घडले. मानवी भक्षक पेशींच्या कापांत हे विषाणू पेशीच्या आतील बंद पिशव्यांत साठलेले दिसत, त्यावरून ते पेशीत लपून बसतात असे मानले गेले. 2007 नंतर सलग कापांची मालिका जोडून आणि नव्या त्रिमितीय पद्धतींनी पाहिले तेव्हा त्यांतील पुष्कळ पिशव्या अरुंद वाटांनी पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी जोडलेल्या निघाल्या. म्हणजे ज्याला घरातला पाहुणा समजले होते तो अंगणातच उभा होता. एकाच कापावरून पत्ता लिहू नये, हा या पुस्तकात वारंवार येणारा आग्रह अशा अनुभवांतून आला आहे.

कुष्ठरोगाचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे भारताने डिसेंबर 2005 मध्ये नोंदवले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. त्यांच्या ऊतींतून अजून पुष्कळ शिकण्यासारखे आहे, आणि ते शिकणे पुण्या-मुंबईच्या यंत्रांवर जेवढे अवलंबून आहे त्याहून अधिक, तुकडा काढल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांवर आहे. उशिरा द्रावणात पडलेल्या, बर्फाऐवजी उन्हात राहिलेल्या किंवा चुकून फॉर्मालिनच्या जुन्या बाटलीत टाकलेल्या तुकड्यातून कोणतेही यंत्र चांगली प्रतिमा काढू शकत नाही. आणि हे पहिले काम मोठ्या शहरात नव्हे, तालुक्याच्या दवाखान्यात, परिचारिका आणि कनिष्ठ डॉक्टर यांच्या हातून व्हायचे असते. ऊती गोळा करण्याच्या प्रकरणाला या पुस्तकात यंत्राच्या प्रकरणाहून अधिक पाने दिली आहेत, ती विचारपूर्वक.

शेवटी छायाचित्रांविषयी. ती सर्व कृष्णधवल आहेत, कारण इलेक्ट्रॉनांना रंग नसतो. वृत्तपत्रांत दिसणारी लाल-निळी चित्रे मागाहून रंगवलेली असतात. चित्र अमुक हजार पट मोठे आहे असे लिहिण्याचा जुना प्रघातही येथे पाळलेला नाही, कारण छपाईत चित्र लहान-मोठे झाले की तो आकडा खोटा ठरतो, मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होणारी मोजपट्टी खरीच राहते. वाचकाने प्रत्येक चित्रात आधी कोपऱ्यातील ती मोजपट्टी पाहावी, मग जंतूभोवतीच्या पटलावरून बोट फिरवून ते कोठे तुटले आहे काय हे स्वतः शोधावे, आणि चित्राखालचा मजकूर त्यानंतर वाचावा.